चार डिस्कचा सर्व्हर: रेड ५, रेड ६ की रेड १०?

चार बेचा, म्हणजे डिस्क बसवायला चार कप्पे असलेला, सर्व्हर आणि प्रत्येकी ८ टीबीच्या चार डिस्क. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी केलेली मांडणी. रेड ५ केलं तर २४ टीबी वापरायला मिळतात, रेड ६ किंवा रेड १० केलं तर १६. ते ८ टीबी सोडवत नाहीत आणि तिथेच निवड चुकते. रेड निवडायचं ते डिस्क जाईल त्या दिवसाचा विचार करून.

रेड ५ मध्ये गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर उभा करायला उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे २४ टीबी. सेकंदाला २०० एमबीचा वेग अखंड मिळाला तरी अकरा तास. सर्व्हरवर काम चालू असेल तर दोन दिवसही लागतात. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली की खेळ खलास. अख्खी डिस्क जायलाच हवी असंही नाही. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे १२.५ टीबी वाचनामागे एक न वाचता येणारा सेक्टर (डिस्कवरचा छोटासा तुकडा) गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा त्याहून चांगल्या निघतात, पण काही रेड कार्डं (रेड सांभाळणारी वेगळी कार्डं) असा एकच सेक्टर लागला तरी रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा उभा करणं, सोडून देतात. १ टीबीच्या एसएसडींवर रेड ५ ठीक आहे. ८ टीबीच्या फिरत्या डिस्कवर नको.

राहिले दोन, रेड ६ आणि रेड १०. चार डिस्कवर दोघांची जागा सारखीच, मग फरक कुठे? रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत. रेड १० मध्ये जोड्या असतात, जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा. एक गेल्यावर तिची जोडीदार गेली तर डेटा गेला, बाकी दोघींपैकी एक गेली तर निभावतं. उलट रीबिल्डला फक्त जोडीदार वाचायची, त्यामुळे ताण कमी. लहानसा बदल लिहायला रेड १० मध्ये डिस्कवर दोन कामं होतात, रेड ६ मध्ये जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली हिशोबाची माहिती) वाचून पुन्हा लिहायच्या म्हणून सहा. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तर रेड १०. फायली, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, बॅकअप यांना रेड ६. सहा बे असतील तर रेड ६ चे ३२ टीबी आणि रेड १० चे २४, तिथे जागेचं पारडं रेड ६ कडे झुकतं.

कार्ड घ्यायचं तर बॅटरीवाल्या कॅशेचं (कॅशे म्हणजे कार्डावरची तात्पुरती मेमरी), नाहीतर लिहिता लिहिता लाइट गेल्यावर डेटा आणि पॅरिटीचा मेळ बसत नाही. कार्डच मेलं तर साधारण त्याच घराण्यातलं दुसरं शोधावं लागतं. लिनक्समधल्या एमडीअ‍ॅडम या रेडच्या सॉफ्टवेअरने केलेला अ‍ॅरे (डिस्कचा गट) कुठल्याही लिनक्स मशीनवर उचलून लावता येतो. झेडएफएस या फाइल सिस्टीमचं रेडझेड२ म्हणजे ढोबळमानाने रेड ६, पण चेकसममुळे (डेटा तपासायच्या पडताळणी आकड्यामुळे) गुपचूप बिघडलेला ब्लॉक ओळखून दुरुस्त करतं आणि रीबिल्डला फक्त भरलेली जागा वाचतं. फक्त ते रेड कार्डावर चढवू नका. त्याला डिस्क थेट दिसू द्या.

डिस्क घेताना एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकमध्ये लिहिणाऱ्या) डिस्क टाळा, रीबिल्डच्या सलग लिखाणात त्या रांगतात. डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिट-दोन मिनिटं झगडत बसतात. लिनक्स ३० सेकंदांत कंटाळतो आणि धडधाकट डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. स्मार्टसीटीएल या कमांडने एरर रिकव्हरीची, म्हणजे डिस्कने खराब सेक्टरवर झगडायची, वेळ ७ सेकंदांवर आणा. बऱ्याच डिस्क बंद-चालू केल्यावर हे विसरतात, म्हणून ती कमांड बूट स्क्रिप्टमध्येच घाला. डिस्कला ती सोयच नसेल तर लिनक्सची मुदत १८० सेकंद करा.

आणि प्रत्येक ट्रेवर सीरियल नंबरची चिठ्ठी आजच लावा. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, आणि रेड ५ मध्ये बिघडलेल्या डिस्कऐवजी शेजारची ओढली की अ‍ॅरे तिथेच कोसळतो.