दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी: फ्लशची बाटली ओतावी की चेंबर उतरवावा?

सर्व्हिसिंगला गाडी लावली की बिल बनायच्या आधी एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, इंजिन फ्लश मारून देऊ का? पिकअप सुधारेल." फ्लश म्हणजे इंजिन आतून धुवायचं रसायन. गाडी तीन-चार वर्षांची असेल तर हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, फारसं बिघडत नाही. पण एमएच १५, म्हणजे नाशिक पासिंगची बारा-चौदा वर्षांची स्विफ्ट, व्हिस्टा किंवा बोलेरो असेल, मीटर दीड-दोन लाखांच्या पुढे गेलेलं असेल आणि आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याचा एकही कागद हातात नसेल, तर "मारा" म्हणण्याआधी थांबा. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या इंजिनाला फ्लश सोसतो त्याला त्याची फारशी गरज नसते, आणि ज्या इंजिनाला गरज आहे असं दिसतं त्यालाच तो सगळ्यात जास्त धोक्याचा ठरतो.

आधी एक गोंधळ दूर करू. दुकानात शेजारी-शेजारी दोन प्रकारच्या बाटल्या असतात. एक इंजिन ऑइलमध्ये ओतायची, म्हणजे फ्लश, दुसरी पेट्रोल-डिझेलच्या टाकीत टाकायची. दोन्हींना लोक "इंजिन क्लीनर" म्हणतात, पण त्यांचं काम वेगळं, पोचण्याची जागा वेगळी आणि जोखीमही वेगळी.

ऑइलमधली बाटली

फ्लशमध्ये मुख्यतः रॉकेलच्या जातीचं हलकं द्रावक आणि डिटर्जंट असतं. जुनं ऑइल काढण्याआधी गरम इंजिनात ते ओतायचं, गाडी जागेवरच आयडलला दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची आणि मग ऑइल व फिल्टर दोन्ही काढायचे. एवढ्या वेळात ऑइल पातळ झालेलं असतं, म्हणून रेस करायची नाही आणि चक्कर मारायला तर अजिबात जायचं नाही. काही गॅरेजांत बाटलीऐवजी नुसतं डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुतात. ते सरळ नाकारा, त्याला वंगण म्हणून काही ताकदच नसते.

फ्लश व्यवस्थित वापरला तरी अडचण येते ती गाळाची. वर्षानुवर्षं ऑइल उशिरा बदललं की त्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यात काजळी, न जळलेलं इंधन आणि पाण्याचा अंश मिसळतो आणि डांबरासारखा काळा थर टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली) व चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या, तळाला बसतो. दहा मिनिटांत हा थर पूर्ण विरघळत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली जाऊन ऑइल पंपाच्या सक्शन पाइपवरच्या जाळीला चिकटतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही, प्रेशर पडतं, आणि पहिला फटका बसतो क्रँकच्या बेअरिंगला आणि टर्बोला. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला काही क्षणांचा कोरडेपणाही सोसत नाही. स्विफ्ट-व्हिस्टामधल्या १.३ डिझेल इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणून त्या गाडीवाल्यांनी दुप्पट सावध राहावं.

दुसरी गोष्ट सीलची. रबरी सील आणि पॅकिंग इतक्या वर्षांत कडक झालेली असतात, आणि कित्येकदा गळती थांबलेली असते ती त्या गाळामुळेच. फ्लशनंतर आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे डाग दिसायला लागले, तर सील आधीच गेलेलं होतं असं समजा. फ्लशने ते उघडं पाडलं इतकंच, पण खर्च त्याच महिन्यात उभा राहतो. शिवाय नट खोलून सगळं जुनं ऑइल कधीच निघत नाही. इंजिनात राहिलेला फ्लश नव्या ऑइलमध्ये मिसळतो आणि ते थोडं पातळ करतो.

फायदा मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. पिस्टनच्या ऑइल रिंगा कार्बनने अडकल्या असतील किंवा हायड्रॉलिक टॅपेट वाजत असतील, तर कधीकधी फरक पडतो. मात्र हे जमतं ते हलका थर असलेल्या इंजिनात.

तुमचं इंजिन कुठल्या गटातलं?

हे ओळखायला मेकॅनिकही लागत नाही. इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. धातू दिसतोय आणि त्यावर फक्त मधाच्या रंगाची झाक आहे, तर इंजिन चांगलं सांभाळलेलं आहे. काळा, जाड, बोटाला जेलीसारखा लागणारा थर असेल तर फ्लशचा विचार तिथेच सोडा. काही गाड्यांत झाकणाखाली आडवा पत्रा असतो आणि आतलं दिसत नाही, तिथे टॅपेट कव्हर काढायला सांगा. पेट्रोल गाडीत हे सहसा किरकोळ काम असतं. डिझेलच्या ऑइलचा काळा रंग पाहून मात्र घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे, नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं.

झाकणाखाली पांढरट मलईसारखं काही दिसलं तर ते बहुधा पाणी. सिडकोतून अंबड एमआयडीसीत ड्युटीला जाणाऱ्या गाडीचा रोजचा पल्ला जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत तेवढ्यात इंजिन पुरतं गरम होत नाही आणि आतली वाफ तिथेच थिजते. एकदा सिन्नरपर्यंत जाऊन या, पुन्हा बघा. मलई तशीच असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर संशय हेड गॅसकेटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर, घ्यायचा. त्याला कुठलीच बाटली चालत नाही.

गाडी ऑइल खात असेल तर कसारा घाट चांगली परीक्षा घेतो. इगतपुरीकडून गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवर नसतो. खाली पोचून पुन्हा रेस दिल्यावर मागून निळ्या धुराचा लोट निघाला, तर पेट्रोल गाडीत व्हॉल्व्ह सील कडक झाल्याची ती खूण आहे, आणि कडक झालेलं रबर फ्लशने मऊ होत नाही. परतीला घाट चढताना जोर दिल्यावर निळा धूर सतत येत असेल तर रिंगांकडे बघावं लागतं. रिंगा झिजल्यात का याचा अंदाज कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्यावर येतो, म्हणून पैसे आधी त्या तपासणीवर घाला.

चेंबर उतरवणं

गाळ दिसला तर माझा कौल निःसंशय याला. चेंबर खाली घ्यायचा, जाळी धुवायची, तळाचा चिखल हाताने पुसून काढायचा, टॅपेट कव्हरही तसंच साफ करायचं आणि नव्या पॅकिंगने बसवायचं. फ्लशच्या काहीशे रुपयांपेक्षा मजुरी बरीच जास्त जाते आणि गाडी दिवसभर गॅरेजात राहते. पण सुटलेला गाळ बाहेर निघतो, इंजिनात फिरत नाही. काम चालू असताना स्वतः उभे राहा आणि जाळी बघा. अर्धी तुंबलेली जाळी पाहिल्यावर फ्लश का नको ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सावकाश साफसफाई

चेंबर उतरवायचा नसेल, थर मध्यम असेल, तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरा आणि पुढच्या दोन-तीन वेळा तीन-चार हजार किलोमीटरलाच ऑइल-फिल्टर बदला. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट मुळातच असतं. ते थर हळूहळू उचलतं आणि फिल्टरला तो पकडायला वेळ मिळतो. काढलेला फिल्टर कापून बघायला सांगा. आत खरखरीत काळे कण भरलेले असतील तर पुढची बदली आणखी लवकर करा. अनेक कंपन्या मॅन्युअलमध्ये ऑइलमध्ये वेगळं काही टाकू नका असंच लिहितात. तुमच्या मॅन्युअलचं ते पान फ्लशला हो म्हणण्याआधी वाचाच.

टाकीतली बाटली

ही जुन्या गाडीलाही बहुतेक वेळा सुरक्षित असते, कारण ती गाळाला हातच लावत नाही. पेट्रोलसाठी घेताना लेबलवर पॉलिइथर अमाइन, म्हणजे पीईए, आहे का ते पाहा. इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्षातला कार्बन काढण्यात ते चांगलं चालतं. मात्रा लिहिली असेल तेवढीच ठेवा. त्याचा थोडा अंश रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीत ते टाकणं बरं. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंधन इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे तिथला कार्बन या बाटलीने निघत नाही. आणि गाडी सीएनजीवर पळत असेल, तर बाटली टाकून उपयोग तेवढाच, जेवढं तुम्ही पेट्रोलवर चालवाल.

डिझेलचं थोडं वेगळं आहे. सातपूरच्या बॉशच्या ज्या कारखान्याला जुने नाशिककर अजून मायको म्हणतात, तिथे इंजेक्टर आणि नोझल बनतात. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनाच्या नोझलची छिद्रं केसाच्या जाडीइतकी बारीक असतात आणि प्रेशर हजार बारच्या वर असतं. छिद्रांच्या तोंडाशी बसलेला कार्बन बाटलीने कमी होऊ शकतो, झिजलेलं नोझल भरून येत नाही. दोन टाक्यांत मिसिंग किंवा काळा धूर कमी झाला नाही, तर तिसरी बाटली न घेता पंप-नोझलवाल्याकडे इंजेक्टर बेंचवर लावून बॅक लीकेज (इंजेक्टरमधून परत गळणारं डिझेल) बघा.

मग फ्लश कुणी मारावा? ज्याच्याकडे सर्व्हिसच्या नोंदी आहेत, झाकणाखाली धातू स्वच्छ दिसतोय, गळती नाही आणि तरीही इंजिन आतून धुवून घ्यायची इच्छा आहे, त्याने. तेही डोळ्यांसमोर, घड्याळ लावून, नव्या फिल्टरसह. नंतरच्या काही दिवसांत ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लागला, तरी गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि टो करून गॅरेजला न्या. प्रेशर नसताना चालवलेला एक किलोमीटरही बेअरिंग घालवायला पुरतो.