"१५ पैकी १४ प्रश्न आमच्याच पीडीएफमधून" हा स्क्रीनशॉट बघून पैसे भरायच्या आधी एकदा हे वाचा

काल रात्री माझ्या चुलत भावाने जिंतूरहून व्हॉट्सॲपवर स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडीच्या नोट्स विकणाऱ्या एका टेलिग्राम चॅनलचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलेलं "ताई हे घेऊ का, ५९९९ ला आहे, ऑफर उद्यापर्यंतच आहे". तो स्क्रीनशॉट मला पाठ आहे. लाल गोल केलेले प्रश्न, शेजारी पीडीएफचं पान, वर हिरव्या अक्षरात "१५ पैकी १४". मी त्याला लगेच फोन लावून थांबवलं, पण माझ्या भावासारखी अजून किती पोरं हे बघून घरी पैसे मागत असतील या विचाराने झोप लागली नाही, म्हणून सगळं लिहून काढते. लांबेल थोडं, पण शेवटपर्यंत वाचा.

२०२४ ची राज्यसेवा पूर्व, म्हणजे लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) पहिल्या टप्प्याची परीक्षा. ज्यांनी ते वर्ष काढलंय त्यांना माहितीये काय हाल झाले. तारीख आधीच पुढं गेलेली, मग २५ ऑगस्ट ठरली तर त्याच दिवशी आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरतीचा पेपर, वर कृषीच्या २५८ जागा त्यात घ्या म्हणून मागणी, पोरं-पोरी पुण्यात रस्त्यावर बसली, मीपण बसले होते. परीक्षा पुढं गेली ते बरोबरच झालं, पण मग १ डिसेंबर तारीख आली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ऑगस्टपर्यंतचं चालू घडामोडीचं सगळं करून झालेलं आणि आता अजून तीन महिने वाढले. पॅरिसचं ऑलिम्पिक, पॅरालिम्पिक, ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा, नोबेल, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, हे सगळं वर येऊन पडलं. इतिहास-भूगोलाचं पुस्तक तरी कुठेतरी संपतं, चालू घडामोडी संपतच नाहीत, आणि ह्यांचा धंदा नेमका त्या भीतीवर चालतो.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलवरच्या मुलीने एक टेलिग्राम चॅनल दाखवलं. नाव लिहीत नाही, कारण अशी चॅनलं एक नाही खूप आहेत आणि नाव बदलायला त्यांना दोन मिनिटं लागतात. त्यावर आधीच्या एका परीक्षेचा असाच पुरावा टाकलेला, पोस्टची तारीख परीक्षेच्या आठ दिवस आधीची आणि आतमधे पेपरातले प्रश्न जसेच्या तसे. मी तारीख दोनदा बघितली. मला वाटलं तारीख खोटी कशी असेल, ती तर टेलिग्राम दाखवतंय. तिथंच माझा विश्वास बसला आणि तिथंच मी फसले.

४९९९ रुपये. दादाने सोयाबीन विकून पाठवलेल्या पैशातले. त्यात बारा महिन्यांच्या नोट्स, २० टेस्ट आणि एक "पर्सनल मेंटॉर" मिळणार होता. पैसे यूपीआयने भरायचे आणि समोर नाव आलं ते एका माणसाचं, संस्थेचं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं "ताई काळजी करू नका, ते आमच्या अकाउंटवाल्या सरांचं आहे". बिल मागितलं तर "बिल ॲपमधे जनरेट होईल". ते शेवटपर्यंत झालं नाही. मेंटॉरने दोन वेळा फोन उचलला, दोन्ही वेळा "रिव्हिजन वाढवा" एवढंच सांगितलं. नोव्हेंबरच्या मध्यात अजून एक निघालं, "लास्ट १५ डेज कॅप्सूल", १५०० रुपये. म्हटलं एवढे भरलेत तर हेपण भरू. आपण नेमके हे नाही भरले आणि त्यातूनच प्रश्न आला तर, हा विचार डोक्यातून जातच नाही, तयारी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता नोट्स कशा होत्या ते सांगते. मुख्य पीडीएफ २०४ पानांची. स्क्रीनवर वाचून माझे डोळे दुखतात म्हणून २९ नोव्हेंबरला मी पूर्ण झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल करून घेतली, बिल घेतलं, घरी हिशेब द्यायचा असतो म्हणून मी सगळी बिलं ठेवते. हे स्पायरल आणि बिल लक्षात ठेवा, पुढं येणारंय.

प्रिंट हातात आल्यावर आमच्या रूममधली एलएलबी झालेली मैत्रीण सहज चाळायला बसली आणि तिसऱ्याच मिनिटाला म्हणाली हे काय गं, भारतीय न्याय संहितेची कलमं ५११ लिहिलीत. ५११ जुन्या आयपीसीची, म्हणजे भारतीय दंड संहितेची, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेची ३५८. मला घाम फुटला कारण मी ते ५११ पाठ केलं होतं. मग आम्ही दोघी बसलो. महाराष्ट्रातली रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) दोन लिहिलेली, नांदूर मधमेश्वर आणि लोणार. ठाणे खाडी २०२२ मधेच यादीत आली, म्हणजे हे पान त्याच्याही आधीच्या कुणाच्या तरी नोट्समधून उचललेलं आणि वर "२०२४ अपडेटेड" छापलेलं. मराठी "अभिजात दर्जा मिळालेली सातवी भाषा" लिहिलं होतं. आधी सहा होत्या हे खरं, पण ३ ऑक्टोबरला मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली अशा पाच भाषांना एकदम दर्जा मिळाला आणि एकूण ११ झाल्या, ज्याने ती बातमी एकदा तरी नीट वाचली तो सातवी लिहिणारच नाही.

आणि एक तर मला अजून टोचतं. स्वप्नील कुसाळेचं. आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीचा पोरगा, १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य आणलं त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, त्या दिवशी आमच्या मेसमधे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ह्यांच्या नोट्समधे लिहिलेलं "चित्रीकरण या खेळात ५० मीटर रायफल तीन पदे प्रकारात कांस्य". नेमबाजीला चित्रीकरण! इंग्रजीतल्या "शूटिंग"चं मशीनमधून भाषांतर काढून तसंच चिकटवलेलं, छापण्याआधी एका माणसाने एकदाही वाचलेलं नाही. आणि त्याचे पैसे आमच्याकडून घेतले.

परीक्षेला दोन दिवस राहिलेले. तेव्हा दुसरं काही करायला वेळच नव्हता, जेवढं चुकीचं सापडलं तेवढं पेनाने दुरुस्त केलं आणि तशीच गेले. राज्यसेवा पूर्वला चुकलेल्या उत्तराचे एक चतुर्थांश मार्क कापतात, त्यामुळं जिथं खात्री होती तिथंपण हात अडखळायला लागला, की हे मी कुठून पाठ केलंय, पुस्तकातून का ह्यांच्या पीडीएफमधून. हे नुकसान पैशात मोजता येत नाही.

१ डिसेंबरला दुपारचा सीसॅटचा, म्हणजे दुसरा पेपर देऊन रूमवर आले, पडून राहिले, रात्री दहाच्या सुमारास मोबाईल बघितला तर चॅनलवर फटाके. "चालू घडामोडी १५ पैकी १४ आमच्याच नोट्समधून, पुरावा बघा, पोस्ट २४ नोव्हेंबरची आहे". खाली शेकडो हार्ट. मी चक्रावले. सकाळी पेपर मीच दिलेला, नोट्स मीच वाचलेल्या, त्यातले दोन किंवा तीन प्रश्न आलेले मला आठवत होते, मग १४ कुठून आले. आधी वाटलं आपलंच वाचायचं राहिलं असेल. खरं सांगते, पहिला संशय मी स्वतःवरच घेतला.

मग स्पायरल काढलं. माझ्याकडं २०४ पानं. चॅनलवरची २४ नोव्हेंबरची तीच पोस्ट उघडून फाईल परत डाउनलोड केली तर २११ पानं. नाव तेच, कव्हर तेच. सात पानं मधेमधे घुसवलेली, अक्षर किंचित जाड, आणि त्यावर जे मुद्दे होते ते पेपरातल्या प्रश्नांच्या पर्यायांच्याच क्रमाने लिहिलेले. नोट्स लिहिणारा माणूस आठ दिवस आधी मुद्दे लिहिताना अ, ब, क, ड चा क्रमसुद्धा आयोगासारखाच कसा लावेल? मैत्रिणीने लॅपटॉपवर फाईलची प्रॉपर्टीज उघडली. मॉडिफाइड, १ डिसेंबर, रात्री ९ वाजून ४२ मिनिटं.

कसं करतात ते आता कळलं. टेलिग्रामवर चॅनलच्या ॲडमिनला जुनी पोस्ट एडिट करता येते, त्यातली फाईल काढून दुसरी लावता येते, आणि वर तारीख पहिल्या दिवशीचीच राहते. फक्त वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात "एडिटेड" येतं, ते कुणी बघत नाही. मी ज्या जुन्या पुराव्यावर पैसे भरले होते ती पोस्ट परत जाऊन बघितली. तिथंपण एडिटेड. तेव्हा हातपाय गार पडले.

मी चॅनलच्या सपोर्टला दोन्ही पानांचे फोटो पाठवले आणि पैसे परत मागितले. आधी "ताई तुमच्याकडं जुनी व्हर्जन आहे", मग "अपडेटेड फाईल २८ ला टाकली होती". मी २९ चं झेरॉक्सचं बिल पाठवलं. मग उत्तर नाही. दहा मिनिटांत ग्रुपमधून काढलं, नंबर ब्लॉक. ग्रुपमधे मी फोटो टाकले होते तेपण डिलीट झाले. अभ्यासिकेतल्या त्या मुलीला मी समोर बसून सगळं दाखवलं तेव्हा तिला रडू आलं, तिने तर मैत्रिणीलापण घ्यायला लावलं होतं. तिची काही चूक नाही, तिलापण तोच स्क्रीनशॉट दाखवला होता.

१९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केली. तिथं समोरच्याचं नाव, पत्ता, बिल विचारतात आणि माझ्याकडं फक्त एक यूपीआय आयडी आणि चॅनलची लिंक. सायबरच्या १९३० वरपण नोंदवलं, पण तोपर्यंत पैसे जाऊन महिना होऊन गेलेला. हे आर्थिक फसवणुकीत जितक्या लवकर कराल तितकं बरं असतं, मी उशीर केला. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. दुःख याचं वाटतं की मी पैसे भरले त्याच्या आसपासच, नोव्हेंबर २०२४ मधे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगवाल्यांच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. खोटे दावे करायचे नाहीत, पास झालेल्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, त्याने नेमका कुठला कोर्स केला होता ते सांगायचं. मोठ्या संस्थांना दंडपण झालेत, कारण नुसत्या फुकटच्या मुलाखत मार्गदर्शनाला आलेल्यांना आपले विद्यार्थी म्हणून दाखवलं होतं. ही बातमी माझ्याच चालू घडामोडीत यायला पाहिजे होती. त्या २०४ पानांत नव्हती.

भावाला काल फोनवर जे सांगितलं तेच इथं सांगते. कुठलीही पोस्ट बघताना तारखेच्या आधी एडिटेड आहे का बघ. सॅम्पल पानं माग आणि त्यातल्या कुठल्याही तीन गोष्टी स्वतः शोधून तपास, तासाभरात कळतं. ज्याचं बिल नाही त्याला पैसे नाहीत, मग तो कितीही ताई-दादा करू दे. आणि पीडीएफ कुणाचीही असू दे, मिळाल्या दिवशी एक कॉपी वेगळी ठेव.

बाकी साहित्य म्हणशील तर पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची साइट फुकट आहे, मराठीतसुद्धा येतं, आधी पंधरा दिवस कंटाळवाणं वाटतं मग काय सोडायचं ते कळायला लागतं. राज्य सरकारचं लोकराज्य मासिक आहे, केंद्राचं योजना मासिक मराठीत निघतं, राज्याची आर्थिक पाहणी बजेटच्या आधी येते आणि तिच्यातले आकडे अर्थव्यवस्थेलापण कामाला येतात. संसदेतल्या विधेयकांसाठी पीआरएस या संस्थेची साइट. आणि आयोगाच्या साइटवर जुने पेपर उत्तरतालिकेसकट पडलेत, ते घेऊन बस, चालू घडामोडीचे साधारण १५ च्या आसपास प्रश्न असतात, त्यातले किती नुसत्या बातमीवर येतात आणि किती बातमीच्या मागच्या संकल्पनेवर ते स्वतः मोज. मी मोजले तेव्हा त्या २०४ पानांच्या जागी माझी ६० पानांची वही झाली. रोज रात्री जेवणानंतर चाळीस मिनिटं, तारीख टाकून, कुठून घेतलं ते शेजारी लिहून. चुकलं तर कुठं चुकलं ते सापडतं.

ते स्पायरल मी टाकलेलं नाही. झेरॉक्सचं बिल पहिल्या पानाला स्टेपल करून अभ्यासिकेच्या काउंटरवर ठेवलंय, शेजारी २११ पानांच्या फाईलमधली ती सात पानं प्रिंट काढून. नवीन आलेली पोरं विचारतात हे काय आहे, तर काउंटरवरचे काका म्हणतात बस, वाच, मग ठरव. मागच्या महिन्यात दोघांनी ५९९९ भरायचे थांबवले. माझा भाऊ तिसरा.