रूफ लायनिंग बदलून नऊ महिने: कापड टिकलं, स्प्रेचा डबा नाही

पुढच्या सनव्हायझरच्या मागे तळहाताएवढा फुगा. डिसेंबरात गाडीच्या छताला आतून लावलेलं कापड मे महिन्यात बरोबर तेवढ्याच जागी सुटलं, बाकी छत जसंच्या तसं. सकाळी सातला बघा, काही नाही. दुपारी दोनला, अकोल्याच्या उन्हात गाडी दोन तास उभी राहिली की तोच फुगा चार बोटं रुंद आणि अर्धा इंच खाली. संध्याकाळी पुन्हा वर. नऊ महिन्यांचा हा अनुभव मुख्यतः त्या एका फुग्याबद्दल आहे, कारण त्याच्यापायी सगळं कापड फुकट जाणार आहे.

गाडी हॅचबॅक, बारा वर्षांची, कायम उघड्यावर. एकाच कापडाखाली दोन वेगळे ॲडहेसिव्ह आहेत. ५०० मिलीचा स्प्रेचा डबा पुढचा निम्मा भाग होईपर्यंत संपला, म्हणून मागचा निम्मा एक लिटरच्या टिनमधल्या उष्णता सोसणाऱ्या रबर ॲडहेसिव्हनं केला. ठरवून केलेला प्रयोग नव्हे, पण तुलना मात्र चोख झाली. तेच कापड, तोच पुठ्ठा (छताच्या आकाराचा, ज्यावर कापड चिकटतं), तोच दिवस.

जानेवारीत कुणी विचारलं असतं तर स्प्रेला पैकीच्या पैकी गुण दिले असते. थर एकसारखा, कापडावर एक रेघ नाही, हात स्वच्छ. टिनच्या बाजूला ब्रशच्या रेघा उमटल्या होत्या आणि मागच्या दिव्याजवळ दोन रुपयांच्या नाण्याएवढे दोन कडक डाग पडले होते, तिथे ॲडहेसिव्ह फोममध्ये मुरलं. हे मत मे महिन्यात उलटं झालं. रेघा आजही आहेत, रात्री आतला दिवा लावला की तिरप्या उजेडात दिसतात. पण रेघ लोंबत नाही.

डब्याच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचायला हवी होती. कापड, थर्माकोल, पुठ्ठा, फोटो, सगळ्याला चालतो असं लिहिलेलं. तापमानाचा आकडा कुठेच नाही. ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीतली हवा ६० च्या वर जाते आणि छताचा पत्रा त्याहूनही तापतो. कापड त्या पत्र्यापासून जेमतेम दोन बोटांवर. साधं स्प्रे ॲडहेसिव्ह अशा उष्णतेत मऊ पडतं. सपाट जागी मऊ पडलं तरी चालून जातं, कारण कापडाला ओढ नसते. खळग्यात चालत नाही. तिथे कापड दोन्ही काठांवर ताणलेलं असतं आणि सरळ रेषेत यायला बघतं. गोंद ढिला पडला की ते खळगा सोडून पुलासारखं आडवं उभं राहतं. व्हायझर दुमडून बसतो तो खळगा छतातला सगळ्यात खोल, म्हणून फुगा तिथेच. ज्यावर ७० किंवा त्याहून जास्त अंशांचा आकडा छापलेला नाही तो डबा छताला लावू नये, मग त्यावर गाडीचं चित्र असो वा नसो.

आता मूळ दुखणं. जुनं लायनिंग लोंबलं की बहुतेकांना वाटतं गोंद सुटला. गोंद बहुधा शाबूत असतो. कापडाच्या मागे २-३ मिलिमीटरचा पॉलियुरेथेन फोम असतो, तो ऊन आणि दमट हवेनं वर्षानुवर्षं कुजत जातो आणि मधोमध फाटतो. अर्धा पुठ्ठ्यावर राहतो, अर्धा कापडावर. बोट लावलं तर पिवळा, चिकट भुसा. म्हणून सिरिंजनं आत गोंद सोडणं, यू पिना टोचणं, वाफेची इस्त्री फिरवणं हे सगळं दोन-चार आठवड्यांचं. भुशाला भुसा चिकटवून काय मिळणार? पिनांनी तर छताची गादी होते. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेल्या गाडीत कडेला पिना टोचणं धोक्याचंही आहे.

पुठ्ठा बाहेर काढल्याशिवाय हे काम होत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग व्हायझर, वरची हँडलं (स्क्रू छोट्या प्लास्टिकच्या टोप्यांखाली असतात, बऱ्याच गाड्यांत स्टार बिट लागतो), आतला दिवा, दारांचं रबर बीडिंग, काचांच्या बाजूच्या खांबांवरची प्लास्टिकची कव्हरं. पुढच्या खांबांची कव्हरं ओढताना जपून, क्लिपा तिथेच तुटतात. चार-सहा जास्तीच्या क्लिपा आधीच आणून ठेवा. काही गाड्यांत मागच्या सीट बेल्टचा वरचा बोल्टही सोडावा लागतो. पुढच्या सीटा पूर्ण आडव्या करून पुठ्ठा डिकीच्या दारातून काढायचा, आणि दोन माणसं हवीतच. एकट्यानं ओढला तर व्हायझरच्या भोकापाशी तडा जातो. गेलाच तर वरच्या, न दिसणाऱ्या बाजूनं फायबरग्लासची जाळी आणि रेझिन लावून एक दिवस सुकू द्यावं.

सगळ्या कामाचा जीव भुसा काढण्यात आहे. नायलॉनचा ताठ ब्रश, मास्क आणि मोकळं अंगण. तारेचा ब्रश नको, पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा सोलतो. पाणी नको, थिनरही नको. हॅचबॅकला दोन तास धरा. पहिल्या वीस मिनिटांत झालं असं वाटतं, झालेलं नसतं. तपासायची सोपी रीत: रुंद चिकटपट्टी दाबून ओढायची. तिच्यावर पिवळी पूड आली तर पुन्हा घासा. जुन्या गोंदाचे घट्ट चट्टे राहिले तर राहू द्या, ते आड येत नाहीत, पूड येते. या बाबतीत आमचं काम पक्कं होतं, म्हणून तर फुग्याचा दोष भुशावर टाकता येत नाही.

कापडाबद्दल तक्रार नाही. फोमवालंच घ्यावं, ३ मिलिमीटरचं. फोम नसलेलं स्वस्त पडतं, पण पुठ्ठ्याची प्रत्येक पुरळ वर दिसते. सोफ्याचा जाड स्पंज लावलेलं कापड खळग्यात बसतच नाही. पन्हा साधारण ६० इंच असतो, हॅचबॅकला सव्वादोन मीटर पुरतं, सेडानलाही जवळपास तेवढंच, सात सीटच्या गाडीला साडेतीन मीटर तरी घ्या. चारही बाजूंनी तीन-चार इंच जास्त हवं. दुकानात ट्यूबलाइटखाली रंग पसंत करू नका. व्हायझर सोबत न्या आणि दुकानाच्या बाहेर उन्हात धरून बघा, कारण व्हायझर आणि खांबांची कव्हरं जुनीच राहणार. आमचा करडा रंग अर्धी छटा निळसर निघाला. रोज दिसतो.

चिकटवताना कापड पुठ्ठ्यावर मोकळं पसरायचं, निम्मं मागे दुमडायचं, आणि पुठ्ठा व फोम दोन्हींवर पातळ थर द्यायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाची मागची बाजू लावायची: चिकट लागावं पण तार येऊ नये. तार आली तर अजून ओलं आहे. मग मधून कडेकडे, तळव्यानं. आणि इथे आमची दुसरी चूक, फुग्याचं अर्धं पाप तिचं: कापड आधी दोन्ही काठांवर बसवलं आणि नंतर खळग्यात दाबलं. क्रम उलटा हवा. आधी खळग्याच्या तळाशी बोटांनी बसवायचं, मग बाजूला सरकायचं. खळग्यात आणि कडांना ॲडहेसिव्हचे दोन थर द्या. ताण अजिबात द्यायचा नाही. सुरकुती दिसली की हात आपोआप ओढायला जातो, तेवढा मोह आवरा. हे ॲडहेसिव्ह एकदा धरलं की सोडत नाही, दुसरी संधी नाही.

टिनचं ॲडहेसिव्ह ब्रशनं लावू नका, एवढीच त्याची खोड. बारीक लोकरीचा चार इंची रोलर घ्या, रेघा जवळजवळ येत नाहीत. कॉम्प्रेसर असेल तर स्प्रेगनसाठीचं पातळ मिळतं, ते उत्तम. घट्ट वाटलं म्हणून पेट्रोल घालून पातळ करणारे कारागीर आहेत. पकडही जाते आणि आगीला आमंत्रण. आजूबाजूला विडी, गॅस, काहीही पेटतं नको. एक लिटरमध्ये हॅचबॅकचे दोन्ही पृष्ठभाग होऊन थोडं उरतं, आणि किंमत स्प्रेच्या एका डब्याहून कमी. म्हणजे महाग वस्तू अर्धी पुरली आणि तीच सुटली. याचा राग जास्त आहे.

भोकं मागून कापा, दिव्याच्या आणि हँडलच्या जागी फुलीसारखा लहान छेद. गोल कापून काढलेलं कापड परत येत नाही. कडा बीडिंगखाली जातात तिथे पुठ्ठ्याच्या बरोबरीनं कापा, दुमडलं तर जाडी वाढून बीडिंग बसत नाही. चोवीस तास सुकल्यावरच पुठ्ठा गाडीत घाला. वास आमच्याकडे बारा दिवस राहिला, काचा बोटभर उघड्या ठेवूनही.

पावसाळ्याची भर. जून ते सप्टेंबर फुगा गायब होता आणि वाटलं, बसला वाटतं. मागच्या आठवड्यात ऊन पडलं, पुन्हा हजर. तेवढाच भाग उकलून दुसऱ्या ॲडहेसिव्हनं चिकटवता येईल का, तर नाही. उकलताना फोम फाटतो, पुन्हा तोच भुसा, आणि कापड अखंड एक असल्यामुळे पुढचं काढायचं तर मागचं ठणठणीत निम्मंही काढावं लागणार. सिरिंजनं उष्णता सोसणारं ॲडहेसिव्ह सोडायचा विचार केला आणि उरलेल्या तुकड्यावर करून बघितलं: सॉल्व्हंट (ॲडहेसिव्हमधला उडून जाणारा द्रव) कापडाबाहेर येऊन पिवळसर डाग पडला, वाळल्यावरही गेला नाही.

सीट कव्हरवाल्याकडे देणार असाल तर तीन गोष्टी विचारा. पुठ्ठा बाहेर काढणार की गाडीतच चिकटवणार? जुना फोम घासणार की त्यावरच नवं कापड? सोल्यूशन, म्हणजे ॲडहेसिव्ह, किती अंश सोसणारं? एका दुकानात तिसऱ्या प्रश्नावर ‘साहेब, सगळं तेच असतं’ असं उत्तर मिळालं. सगळं तेच नसतं, आमच्या छतावर दोन्ही शेजारी शेजारी लागलेले आहेत.

काम आता ऑक्टोबर हीटमध्ये. पावसात करू नये: सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसून दुधी साय येते आणि ती साय धरत नाही. नवीन सव्वादोन मीटर कापड, नवीन एक लिटर टिन, रोलर. जुन्या टिनमधलं थोडं उरलं होतं, झाकण नीट बसलं नाही, त्याचा जेलीसारखा गोळा झाला आहे.