मेळघाट की सातपुडा? नागपूरकरांसाठी

नुसता वाघ पाहायचा असेल तर सरळ ताडोबा गाठा. डोंगर, दऱ्या आणि जुनं जंगल हवं असेल, तरच या दोघांत निवड करायची.

मेळघाट अमरावतीवरून. 1973-74 मध्ये निवडलेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. गाविलगडचे डोंगर एवढे चढ-उताराचे की वाघ असूनही सहसा दिसत नाही. दुर्मीळ रानपिंगळा (छोटं घुबड) इथे आहे, नशीब पाहिजे. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद झाली तरी चिखलदरा सुरूच, कॉफीचे मळे आणि धुक्यासकट. वीकेंडला गर्दी मात्र वैताग आणते.

सातपुडा व्याघ्रप्रकल्प मध्य प्रदेशात, पचमढीला लागून. मढईच्या प्रवेशद्वाराशी देनवा नदी बोटीनं ओलांडायची, पलीकडे जिप्सी उभी. ठरलेल्या भागात गाइडसोबत पायीही फिरता येतं, आणि खरी गंमत तिथेच. अस्वलानं उकरलेलं वारूळ, सागाच्या सालीवर नखांचे ओरखडे. गाडीतून हे कुठलं दिसायला! इथलंच बोरी 1865 पासूनचं राखीव जंगल. खर्च जास्त, पण माझं मत सातपुड्याला. म्हातारी माणसं, लेकरं सोबत असतील तर मेळघाटच बरा.