हॉस्पिटल रिव्ह्यू: पोलिसांना फाईल देताना नियमात, बाकी ठिकाणी चाळणी (साडेतीन स्टार)

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, आधीच सांगतो. पुण्यात आहे, शंभरेक बेडचं आहे, बस. मावसभावाची केस अजून चालू आहे आणि पेशंटची माहिती बाहेर जाण्याबद्दल लिहायला बसलोय, तर त्याचीच कुंडली इथे मांडली तर तो मला घरात घेणार नाही.

तर झालं असं की जुलैमध्ये रात्री साडेदहाला नवले पुलाच्या उतारावर त्याच्या बाईकला मागून टेम्पोने उडवलं. टेम्पोवाला पळाला. कॉलरबोन गेलं, कपाळाला सहा टाके. दोन कॉलेजची पोरं रिक्षात घालून त्याला घेऊन आली, आम्ही पोचलो तेव्हा गेटवरचा सिक्युरिटी त्या पोरांना अडवून नाव पत्ता मोबाईल सगळं मागत होता आणि पोरं बिचारी घाबरलेली. आतून ड्यूटीवरच्या डॉक्टर बाई आल्या आणि त्यांनी सिक्युरिटीला झापलं, की त्यांना द्यायचं असेल तर देतील नाहीतर जाऊ दे त्यांना. नंतर कळलं की खरंच तसा कायदा आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ घातलंय, त्याखालच्या नियमांप्रमाणे जखमीला आणणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. त्या पोरांचे नीट आभार पण मानता आले नाहीत राव.

ट्रीटमेंट लगेच सुरू झाली. डिपॉझिट मागितलं पण नंतर, टाके घालून झाल्यावर. "आधी पोलीस येऊ द्या मग हात लावू" हा प्रकार आमच्या वडिलांच्या वेळी सर्रास होता, १९८९ ला परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी जीव वाचवा, पोलीस नंतर. तरी अजून काही ठिकाणी तेच ऐकू येतं. इथे नाही आलं, त्याचा एक स्टार.

आता मुद्द्याचं. डॉक्टर बाईंनी सांगितलं एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) करावी लागेल. मावशीचं अवसानच गळालं. "नको हो डॉक्टर, पोलीस नकोत दारात, बाईकवरून घसरला असं लिहा ना." माझ्या मते या हॉस्पिटलची सगळ्यात चांगली पाच मिनिटं ती, कारण त्या बाई चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एमएलसी म्हणजे तुमच्या मुलावर गुन्हा नाही. अपघात, मारामारी, भाजणं, विषबाधा, असं काही आलं की चौकीला कळवणं माझी ड्यूटी आहे, त्यात तुमची परवानगी लागत नाही. आणि उद्या टेम्पोवाला सापडला तर हाच कागद तुमच्या कामाला येणार." मावशी गप्प. मग त्यांनी मला फॉर्म दाखवला (दाखवायची गरज नव्हती, पण दाखवला). नाव, वय, कोणी आणलं, किती वाजता, जखमा कुठे आणि केवढ्या, शुद्धीवर आहे का, तोंडाला दारूचा वास आहे का. वासासमोर "नाही". एवढंच चौकीला गेलं.

हे मला तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की पोलिसांना खबर देणं वेगळं आणि फाईल देणं वेगळं. आपण दोन्ही एकच समजतो. खबर द्यायलाच लागते. फाईल म्हणजे आपलं अख्खं आयुष्य असतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आधी काय झालंय, घरात कोणाला काय आहे.

आणि आमचं दुखणं तिथेच होतं. भाऊ दीड वर्षापासून अँग्झायटीच्या गोळ्या घेतो, याच हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवतो, मावशीला माहितीये, मावसकाकांना नाही. कॅज्युअल्टीत विचारल्यावर त्याने खरं सांगितलं, सांगायलाच पाहिजे, भूल द्यायची असते. पण ते फाईलमध्ये आलं.

सकाळी हवालदार आले. माणूस वाईट नव्हता, रात्रभर ड्यूटी करून आलेला. जबाब घ्यायच्या आधी डॉक्टरांकडून "पेशंट जबाब देण्याच्या स्थितीत आहे" असं सही आणि टाइम टाकून लिहून घेतलं, मग जबाब. इथपर्यंत ठीक. जाता जाता म्हणाले, "फाईलची पूर्ण झेरॉक्स काढून द्या, नेतो." माझ्या पोटात गोळा. गोळ्यांचं नाव वाचून कोणी "चालवायला फिट होता का" असा फाटा काढला की टेम्पोवाला राहिला बाजूला.

रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर एक मॅडम आहेत, चष्मा कपाळावर, समोर डबा उघडा. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "काका, पत्र आणा. गुन्हा नंबर, काय काय पाहिजे ते, आणि इनचार्ज साहेबांची सही. तोंडी देत नाही आम्ही." हवालदार वैतागले, "अहो रोज नेतो मी." मॅडम म्हणाल्या, "इथून नाही नेलं." डब्यातली पोळी तुटलीसुद्धा नाही तोवर विषय संपला.

मी नंतर वाचून बघितलं, मॅडम बरोबर होत्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ (जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१, जुलै २०२४ पासून नवीन नंबर), त्यात तपासासाठी लागणारी कागदपत्रं मागायची तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने लेखी मागायची. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, त्यात दोन्ही बाजू आहेत. एकीकडे पेशंटचं गुपित फोडायचं नाही, कोर्टाने सांगितलं किंवा कोणाच्या जिवाला खरंच धोका असेल किंवा कळवायलाच लागणारा रोग असेल तर सोडून. दुसरीकडे पेशंटने, त्याने नेमलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. म्हणजे पोलिसांना काहीच देऊ नका असं कुठेही नाही, रीतसर मागा आणि लागतंय तेवढंच न्या. आणि वकिलाला अशिलाचं बोलणं सांगायची सक्ती होत नाही तसं डॉक्टरचं नाही हां, कोर्टाने विचारलं तर डॉक्टरला बोलावंच लागतं. सिनेमा बघून माझा वेगळाच समज होता.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. हॉस्पिटलने काय दिलं तर एमएलसीची कॉपी, इंज्युरी सर्टिफिकेट, एक्सरे आणि सीटीचे रिपोर्ट. मानसोपचाराच्या ओपीडीचे कागद दिले नाहीत, पत्रात मागितलेच नव्हते आणि मॅडम म्हणाल्या मागितले असते तरी आधी आमच्या लीगलवाल्यांना विचारलं असतं कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ खाली त्याची गुप्तता वेगळी सांभाळलीये. काय दिलं त्याची यादी रजिस्टरला, हवालदारांची पोच घेतली आणि मला फोन करून सांगितलं. फोन करून! बँकवाले पण करत नाहीत एवढं.

माझी वहिनी साताऱ्याकडे सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, तिला हे सांगितलं तर म्हणाली तुमचं सोपं होतं रे, आमच्याकडे सतरा वर्षांची मुलगी पोटुशी येते तेव्हा बघ. पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर गुन्हा. त्या भीतीने पोरी हॉस्पिटलात यायच्याच नाहीत आणि कुठल्यातरी भोंदूकडे जायच्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना द्यायची गरज नाही, खबर द्यायची पण नावाशिवाय. वहिनी म्हणते निकाल झाला पण खालपर्यंत पोचायला वेळ लागतो, अजून रात्रीच्या ड्यूटीला कोणीतरी विचारतंच, नाव लिहू का नको.

आता दीड स्टार का कापले ते. एवढी कडक रेकॉर्ड रूम, आणि कॅज्युअल्टीत पडदा अर्धा फाटलेला. भावाला गोळ्यांबद्दल विचारलं ते शेजारच्या बेडच्या नातेवाईकांनी, त्यांच्याबरोबर आलेल्या दुसऱ्याच चौकीच्या शिपायाने, चहावाल्याने, सगळ्यांनी ऐकलं. ज्युनियर डॉक्टरचा आवाज पण असा की वडगावला ऐकू जावा.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात एक जण हजर, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फोल्डर, "ॲक्सिडेंट क्लेमचं काम करतो, टक्क्यावर, आधी काही द्यायचं नाही." त्याला भावाचं नाव, बेड नंबर, कॉलरबोनचं फ्रॅक्चर सगळं पाठ. माझा मोबाईल नंबर पण, जो मी फक्त कॅज्युअल्टीच्या रजिस्टरला लिहिला होता! कोणी दिला विचारलं तर हसला. कम्प्लेंट केली, ॲडमिनवाले म्हणाले चौकशी करतो, पाच आठवडे झाले चौकशी चालू आहे. म्हणजे खाकी वर्दीला पत्राशिवाय कागद नाही आणि या बाबाला वॉर्डबॉयने की कोणी चहाच्या पैशात सगळं दिलं. हे मला जास्त झोंबलं, कारण पोलिसांना निदान आवक-जावक रजिस्टर तरी आहे.

कोणाला तिथे जावं लागलंच तर: इंज्युरी सर्टिफिकेटची कॉपी तुम्हाला पण मिळते, अर्ज करा, पेशंटचं आधार आणि सही लागते. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरला मोबाईल लिहिताना मागे कोण उभं आहे बघा, आणि खाजगी काही सांगायचं असेल तर डॉक्टरला जवळ बोलावून सांगा, पडद्यावर भरवसा नको. रेकॉर्ड रूम बेसमेंटला, लाँड्रीच्या शेजारी, दीड ते अडीच बंद. चष्मेवाल्या मॅडम सोमवारी नसतात, सोमवारी जाऊ नका.