अपघाताचा क्लेम मंजूर 9,20,000 रुपयांचा. एजंट किती घेऊन गेला, त्याचा हिशेब

रुग्णालयांच्या हाडांच्या विभागाबाहेर “क्लेमचे काम करून देतो” म्हणत फिरणारी माणसे कोणाचे भले करतात, हे ऐकून सगळ्यांनाच माहीत असते, मलाही होते. तरीही यजमानांच्या सहीचे कोरे धनादेश आमच्या घरातून एका एजंटाच्या पिशवीत गेले. ऊस हंगाम सुरू झाला की बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या आणि ही माणसे एकदमच दिसू लागतात, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

माझे यजमान फरशी बसवण्याचे काम करतात. वय 34, महिन्याची कमाई साधारण 18,000 रुपये. रात्री कामावरून परतताना ते भर रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर असणे नियमाने बंधनकारक आहे. या ट्रॉलीला एकही नव्हता, आणि चालकाने इशारा म्हणून काळ्या डांबरावर दोन काळे दगड ठेवून दिले होते. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले, उजव्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला. बिल झाले 4,36,500 रुपये.

शस्त्रक्रिया होते न होते तोच एक गृहस्थ खाटेशी हजर झाले. आमच्या हाती एफआयआरची प्रत येण्याआधी त्यांना गुन्ह्याचा क्रमांक पाठ होता. तो त्यांना कोणी दिला, हे विचारायचे भान तेव्हा कोणाला असते? “वहिनी, सहा महिन्यांत दावा नाही लागला तर सगळे बुडते,” असे त्यांनी सांगितले. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आली, हे खरेच आहे, आणि खऱ्यावरच खोटे बेतले की माणूस फसतो. फाइलसाठी 15,000, पोलिसांच्या कागदांसाठी 2,500 आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी 8,000 असे 25,500 रुपये त्यांनी रोखीने नेले. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, हे मला पुढे कळले.

आता तो क्षण, जो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. नुकसानभरपाई जमा होण्यासाठी नवे खाते लागेल म्हणून त्यांनी बँकेचा अर्ज घरीच आणला होता. मी स्वतः एका पतसंस्थेत खाती उघडण्याचे काम करते. असे अर्ज रोज माझ्या हाताखालून जातात. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीत यजमानांचा क्रमांक नव्हता, आणि ते माझ्या नजरेला पडलेही. मी विचारले तेव्हा उत्तर आले, “तुम्हाला मेसेजचा ताप कशाला? बँकेचे सगळे मीच बघतो.” त्या वेळी यजमानांना लघवीसाठीसुद्धा उचलून न्यावे लागत होते, दोन लेकरे नणंदेकडे होती आणि हा एकच माणूस रोज येऊन “कसे आहे?” विचारत होता. अशा घरात चौकट तपासणारी बाई जागी राहत नाही. परक्या माणसाचा क्रमांक तुमच्या खात्याला लागला की तुमच्या पैशाची खबर आधी त्याला मिळते. एवढ्यासाठी तरी अर्ज पुन्हा वाचा.

वकीलपत्रावर सही घेतलेल्या वकिलांचे तोंड आम्ही थेट लोकअदालतीच्या दिवशी पाहिले. “ट्रॉलीचा विमा नाही, ट्रॅक्टरची विमा कंपनी वर्षानुवर्षे लढवेल, 9,20,000 घ्या आणि मोकळे व्हा,” असे घाईत सांगून तडजोडीवर सही घेण्यात आली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, हे कोणी सांगितले नाही. नंतर मी आकडेमोड केली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे 34 वर्षांच्या माणसाला 16 चा गुणक लागतो, म्हणजे वर्षाची कमाई 16 ने गुणायची. दाखल्यावरचे 40 टक्के अपंगत्वच धरले, तरी कमाईचे नुकसान 13,82,400 रुपये होते, उपचाराचा खर्च वेगळा. आमच्याकडेही थोडा दोष धरून काही रक्कम कापली गेली असती, हे मान्य. पण ज्याचा गुडघा वाकत नाही तो फरशी बसवणार कशी? सर्वोच्च न्यायालयाच्याच 2010 च्या राजकुमार निकालाने हाच प्रश्न विचारायला सांगितला आहे: दाखल्यावरच्या टक्क्यापेक्षा त्या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली, हे पाहावे. आमच्या वतीने तो कोणीही विचारला नाही.

“कंपनीचे पैसे अजून आले नाहीत” हे ऐकून कंटाळल्यावर मी बँकेतून उतारा काढला. 9,20,000 रुपये केव्हाच जमा झाले होते आणि लगेच 3,68,000 रुपये, म्हणजे बरोबर 40 टक्के, त्याच कोऱ्या धनादेशांवरून एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले होते. उरलेल्यातून रुग्णालयाची उधारी आणि आधीचे 25,500 वजा केले की एका पायाची किंमत 90,000 रुपये राहते. निकालावर टक्केवारीने फी ठरवणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. एजंटाला तर कसलाच नियम नाही.

बँक म्हणाली, सही जुळते. पोलीस ठाण्यात म्हणाले, “बाई, सही तुमच्याच माणसाची, हे दिवाणी प्रकरण आहे.” पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचे नाव आणि खाते क्रमांक मी छापील कागदावर नेला होता, तो उलटून पाहण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. दुसऱ्या साहेबांनी तर “टक्केवारी ठरली होती ना?” असे मलाच दरडावले. विश्वासाने दिलेला धनादेश फसवून वापरणे भारतीय न्याय संहितेत गुन्हा नाही, असे यांना कोणी शिकवले? शिवाय 2022 च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी 48 तासांत दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना क्रमांक 2 दहा दिवसांत द्यायचा असतो. आमच्या हाती तो आलाच नाही. तो कागद वेळेवर मिळाला असता, तर खाटेशी आलेल्या गृहस्थांना मी दारातूनच परत लावले असते. पोलिसांनी न केलेल्या कामावरच यांची दुकाने चालतात.

वार्षिक उत्पन्न 3,00,000 रुपयांच्या आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील विनामूल्य देते, आणि महिलांना उत्पन्नाची अटच नाही. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. धनादेशावर रक्कम आणि नाव लिहिल्याशिवाय सही करू नका, पासबुक घराबाहेर जाऊ देऊ नका. ट्रॉली हलवण्याआधी तिच्या मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे ते नसल्याने रिफ्लेक्टर होता की नव्हता, यावरच वाद घातला गेला.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, म्हणून मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवली. “चौकशी सुरू आहे” यापलीकडे उत्तर नाही. कलम 175(3) खालचा न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज आता तयार आहे, आणि या वेळी त्यावर लिहिलेला मोबाइल क्रमांक माझा आहे.