कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बसणारी रायफल : रुगर मिनी-१४ रँच

कॅलिफोर्नियात मॅगझिन (काडतुसांची पेटी) सुटे होणारी अर्धस्वयंचलित (चापाच्या प्रत्येक दाबाला एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी) सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात होणारी) रायफल घ्यायची असेल, तर काडतूस, नळी आणि दुर्बीण यांच्याआधी दस्त्याचा विचार करावा लागतो. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉक्टनच्या एका प्राथमिक शाळेत झालेल्या गोळीबारात पाच मुले मारली गेली आणि त्याच वर्षी राज्याने ‘असॉल्ट वेपन’वर बंदी आणणारा कायदा केला. सुरुवातीला ही बंदी मुख्यतः नावांच्या यादीवर चालत होती. २००० पासून तिला वैशिष्ट्यांची कसोटी जोडली गेली. पिस्तुलासारखी खाली उतरलेली मूठ, अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता, दुमडणारा किंवा मागे-पुढे सरकणारा दस्ता, नळीच्या तोंडावरील ज्वाळारोधक (गोळी झाडताना दिसणारी ज्वाळा कमी करणारा भाग), पुढच्या हातासाठीची उभी मूठ, यांपैकी एक जरी गोष्ट अशा रायफलवर असली तरी ती बेकायदा ठरते. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या संघीय न्यायाधीशांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली खरी, पण अपिलाच्या काळासाठी त्या निकालाला स्थगिती मिळाली. त्यामुळे खरेदी करणाऱ्याने कायदा लागू आहे असे धरूनच चालावे.

या चौकटीत एआर-१५ ही पिस्तुली मुठीची लोकप्रिय अर्धस्वयंचलित रायफल हवीच असेल, तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मॅगझिन कायमचे जखडून टाकणे. मग ते बदलण्यासाठी प्रत्येक वेळी मागची खीळ काढून रायफल उघडावी लागते, आणि चांदमारीवर हा खटाटोप लवकरच नकोसा होतो. दुसरी वाट अशी की मॅगझिन सुटे ठेवायचे, दस्ता एका जागी पक्का करायचा, ज्वाळारोधक काढायचा आणि मुठीच्या मागे एक उभी पट्टी बसवायची, म्हणजे अंगठा मुठीभोवती वळत नाही. नियमाची कसोटी बारीक आहे : चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या कडेपेक्षा खाली अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचक टेकवता येऊ नये. अशी रायफल पूर्णपणे कायदेशीर असते आणि ती चालतेही उत्तम. मात्र हातात धरल्यावर ती कोणाच्या तरी आक्षेपांना उत्तर देण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, हे तळहाताला सतत जाणवत राहते. जिचा दस्ता मुळातच सरळसाधा आहे अशी रायफल घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, आणि म्हणून हे परीक्षण लाकडी दस्त्याच्या मिनी-१४ रँचचे आहे.

ही रायफल १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आली. अमेरिकी लष्कराच्या एम-१४ ची लहान आवृत्ती .२२३ रेमिंग्टन काडतुसासाठी करावी, ही मूळ कल्पना. फिरणारा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) आणि उजव्या अंगाने मागे-पुढे होणारी सरक ही रचना गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे. नळी साडेअठरा इंचांची आणि वजन सुमारे सात पौंड असल्यामुळे दिवसभर खांद्यावर वागवताना ती जड होत नाही.

दस्त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण निवडीचा सगळा प्रश्न तिथेच आहे. लाकूड साधे आहे, अक्रोडाची शोभा त्याला नाही. पण दस्त्याच्या मनगटाची, म्हणजे मुठीत धरायच्या भागाची, जाडी योग्य असून बेचक आपोआप चापाच्या मागे आणि वर टेकते, त्यामुळे कायद्याची कसोटी न झगडता पार पडते. रायफल उघडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ती पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, घोडा चढवून, सेफ्टी लावली आणि चापाभोवतालचे कडे मागच्या बाजूने ओढले की चापाचा संपूर्ण संच खाली निघतो आणि नळीसह वरचा भाग दस्त्यातून उचलला जातो. याचा दुसरा अर्थ असा की पोलाद आणि लाकूड यांची पकड त्या कड्याच्या दाबावर अवलंबून आहे. वरचेवर खोलाखोल केल्यास लाकूड दबते आणि ही पकड सैल होऊ शकते. नुसत्या सफाईच्या हौसेपोटी ती रोज उघडू नये.

या दस्त्याची खरी उणीव दुर्बीण लावल्यावर कळते. दस्त्याची वरची कड कारखान्यातून बसवून येणाऱ्या नेम धरण्याच्या गोल भोकासाठी बेतलेली आहे. दुर्बीण त्याहून उंच बसते आणि मग लाकडावर गाल न टेकता हनुवटी टेकते. गालाखाली बांधायची चामड्याची किंवा कापडी गादी घेतल्याने हे निभावते, आणि तिने कायद्याचा कोणताही भंग होत नाही. सेफ्टी चापाच्या कड्याच्या पुढच्या टोकाला असून ती काढण्यासाठी बोट कड्याच्या आत न्यावे लागते. एआरच्या अंगठ्याने फिरणाऱ्या खटक्याची सवय असलेल्याला ही मांडणी खटकेल, आणि ते खटकणे मला रास्त वाटते.

नेमाबाबत या रायफलची जुनी बदनामी अगदीच निराधार नव्हती. पहिल्या काही दशकांतल्या बारीक नळ्या तापल्या की गोळ्या पसरत. २००५ नंतर उत्पादनाची साधने बदलली, पुढे नळीही जाड झाली, आणि आताच्या रायफलीकडून चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर गोळ्या सुमारे दोन इंचांच्या घेरात पडण्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. त्याच किमतीची एआर बहुधा याहून सरस ठरेल. रिकाम्या पुंगळ्या मात्र ही रायफल अशी जोराने भिरकावते की शेजारच्या मेजावरच्या नेमबाजाची आधीच क्षमा मागून ठेवलेली बरी. कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी ती वापरणार असाल तर लक्षात ठेवा, की जुलै २०१९ पासून राज्यात शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्याच चालतात; नऊ इंचांत एक फेरा हा नळीतल्या खाचांचा पीळ हलक्या तांब्याच्या गोळ्यांना मानवतो.

खरेदी करताना मॉडेलचे पूर्ण नाव तपासावे. याच घराण्यातील टॅक्टिकल प्रकारावर ज्वाळारोधक येतो आणि तो येथे चालत नाही. मॅगझिन दहा काडतुसांपेक्षा मोठे विकता येत नाही, आणि मिनी-१४ ची कारखान्याची मॅगझिने एआरच्या मॅगझिनांपेक्षा बरीच महाग पडतात. (मोठ्या मॅगझिनांवर मर्यादा घालावी असे पत्र खुद्द कंपनीचे संस्थापक बिल रुगर यांनी १९८९ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) सदस्यांना लिहिले होते, अनेक जुने नेमबाज त्यांच्यावरचा तो राग अजून धरून आहेत.) सर्वांत मोठा धोका घेतल्यानंतरचा आहे. मिनी-१४ साठी पिस्तुली मुठीचे आणि दुमडणारे प्लास्टिकचे दस्ते सहज मिळतात, आणि तसा एक दस्ता चढवला की तीच निर्दोष रायफल या राज्यात गंभीर गुन्ह्याची वस्तू होते.

किंमत हजार डॉलरांच्या वर जाते, त्यावर विक्रीकर आणि जुलै २०२४ पासून लागू झालेला ११ टक्क्यांचा जादा कर यांचा भार पडतो. लेखी परीक्षा देऊन मिळणारे सुरक्षा प्रमाणपत्र आणि दहा दिवसांची प्रतीक्षा यांतून सुटका नाही. आपल्याकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी : एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे, आणि वैध शिकार परवान्यासारखे अपवाद मोजके आहेत, ग्रीनकार्ड मिळाल्यावर ही विशिष्ट आडकाठी राहत नाही. व्हिसाधारकाने दुकानदाराच्या शब्दावर विसंबून न राहता आधी वकिलाला विचारावे.

कागदावर छिद्रे पाडण्यापलीकडे हेतू नसेल, तर मी मिनी-१४ सुचवणार नाही. रिमफायर (काडतुसाच्या तळाच्या कडेवर आघात होणारी) असल्यामुळे रुगर १०/२२ या रायफलीला वैशिष्ट्यांची ही कसोटी लागूच होत नाही, तिची काडतुसे स्वस्त मिळतात, आणि तिचा दस्ता सरावासाठी अगदी सोयीचा आहे. निव्वळ अचूकता हवी असेल तर बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणारी रायफल) घ्यावी. तिच्या दस्त्याला हे नियम आड येत नाहीत. मिनी-१४ रँच त्यांच्यासाठी आहे, ज्यांना पाठोपाठ दुसरी गोळी झाडता येणारी, रानात आणि शेतावर वागवण्याजोगी रायफल हवी आहे आणि ती पट्ट्या-खिळ्यांनी बांधलेली नको आहे.